आकडा जुळला म्हणून चित्र खरं? माटुंग्यातल्या एका सूत्राची उलटतपासणी

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताय? मग एक प्रश्न आत्ताच लिहून ठेवा: "हे कोरिलेशन कुठून आलं?" उमेदवार पटकन लेखकाचं नाव सांगतो, साल सांगतो. समोरच्यांना मात्र जाणून घ्यायचं असतं की या सूत्रातला कुठला भाग मोजमापातून आला, कुठला गृहीतकातून, आणि कुठला निव्वळ एककं जुळवण्यातून. तिथे बहुतेक जण गप्प होतात. त्याला कारण आहे. डिझाइनच्या पुस्तकात सूत्रं तक्त्यात येतात: डावीकडे नाव, मधे समीकरण, उजवीकडे "लागू असण्याची मर्यादा". ज्या वादातून ते समीकरण जन्मलं, तो वाद तक्त्यात मावत नाही.

म्हणून आज एकच सूत्र घेऊ आणि ते नीट सोलून बघू. मुद्दाम आपल्या मुंबईतलंच घेतलंय. माटुंग्याच्या यूडीसीटीतले (म्हणजे आताची आयसीटी) ज्येष्ठराज जोशी आणि मनमोहन शर्मा यांनी १९७९ साली ब्रिटनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ केमिकल इंजिनियर्सच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये बबल कॉलमसाठी "सर्क्युलेशन सेल मॉडेल" मांडलं. शर्मा म्हणजे केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे पीएचडी करून आलेले, पुढे १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झालेले. जोशी हे त्यांचेच विद्यार्थी, नंतर संस्थेचे संचालक. हा पेपर आजही उद्धृत होतो. माझं मत आधीच सांगते: हा पेपर उत्तम आहे, आणि ज्या चित्रामुळे तो प्रसिद्ध झाला तेच त्यातलं सर्वांत कच्चं अंग आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, ते समजलं की डिझाइनवरचा कुठलाही पेपर वाचायची तुमची पद्धत थोडी बदलेल.

आधी उपकरण. बबल कॉलम म्हणजे एक उभं नळकांडं, त्यात द्रव भरलेला, आणि तळातून स्पार्जरने सोडलेला वायू. बस. पंखा नाही, शाफ्ट नाही, सील गळायची भीती नाही. ऑक्सिडेशन, क्लोरिनेशन, हायड्रोजनेशन, फर्मेंटेशन, सगळीकडे हे नळकांडं दिसतं. लहान रूप बघायचं असेल तर स्टेशनबाहेरच्या माशांच्या दुकानात एअर स्टोन लावलेल्या काचेच्या टाकीपाशी दोन मिनिटं उभं राहा. बुडबुड्यांबरोबर पाणी वर चढतं, वर पोचल्यावर बाजूला सरकतं आणि काचेलगत खाली येतं. माशांची विष्ठा, खाण्याचे कण त्याच वाटेने गोल फिरत असतात. बबल कॉलममध्येही हेच घडतं: मध्यभागी द्रव वर, भिंतीलगत खाली.

दिसायला इतकं साधं उपकरण डिझाइन करायला मात्र महाकठीण, आणि याचं कारण हे फिरणंच आहे. द्रव कॉलममधून एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडणार असेल, तर आपल्याला हवं असतं की तो रांगेत जावा, आधी आलेला आधी बाहेर. फिरणारा प्रवाह ही रांग मोडतो. ताजा द्रव आणि जवळजवळ पूर्ण झालेला द्रव एकमेकांत मिसळतात. रांग मोडण्याची किंमत किती? पहिल्या कोटीची अभिक्रिया, ९९ टक्के रूपांतरण हवं. रांगेतल्या प्रवाहात वेगस्थिरांक गुणिले काळ हा आकडा ४.६ लागतो, पूर्ण ढवळलेल्या भांड्यात ९९. म्हणजे तोच माल काढायला साडेएकवीस पट मोठं भांडं! प्रयोगशाळेतल्या १० सेंटीमीटरच्या कॉलममध्ये रांग जराशी टिकून असते आणि कारखान्यातल्या १ मीटरच्या कॉलममध्ये ती नाहीशी होते. स्केल-अपमध्ये पैसे बुडतात ते इथे.

म्हणून कॉलमचा व्यास वाढला की द्रव किती वेगाने फिरेल, आणि त्याने उभं मिश्रण किती वाढेल, हा प्रश्न सत्तरच्या दशकात सगळ्यांच्या डोक्यात होता. या उभ्या मिश्रणाला ॲक्सियल डिस्पर्शन म्हणतात. त्याचा गुणांक जितका मोठा तितकी रांग जास्त मोडलेली. १९७४ मध्ये जर्मनीतल्या डेकव्हर आणि सहकाऱ्यांनी मोजमापांवर बसवलेलं सूत्र दिलं: गुणांक व्यासाच्या १.४ घाताच्या प्रमाणात आणि वायूच्या वेगाच्या ०.३ घाताच्या प्रमाणात, सेंटीमीटर-सेकंदात मांडलं तर समोर २.७ हा स्थिरांक. का १.४? का ०.३? मोजमापांवर तेच बसतं म्हणून.

जोशी-शर्मांना हे पुरेसं वाटलं नाही, आणि इथेच पेपरचं मोठेपण आहे. त्यांनी ऊर्जेचा हिशोब मांडला. (ऊर्जेचा हिशोब व्हॅली आणि डेव्हिडसन यांनीही १९७४ मध्ये मांडला होता, जोशी-शर्मा त्याच्या पुढे गेले.) वायू तळातून शिरतो तेव्हा तो द्रवावर काम करतो. द्रवाच्या दर किलोमागे ही शक्ती किती? गुरुत्वत्वरण गुणिले वायूचा वेग. हा वेग रिकाम्या कॉलमच्या पूर्ण छेदावर मोजलेला धरायचा. वेग सेकंदाला १० सेंटीमीटर असेल तर उत्तर किलोमागे जवळजवळ १ वॉट येतं. टनाला एक किलोवॉट. पंखा नसलेल्या भांड्यासाठी हे काही कमी नाही.

ही शक्ती जाते कुठे? एक वाटा बुडबुड्याच्या अगदी आजूबाजूला खर्च होतो, कारण बुडबुडा द्रवापेक्षा वेगाने पुढे सरकताना आपल्या मागे खळबळ सोडतो. हा वाटा म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले होल्डअप गुणिले एकट्या बुडबुड्याचा चढण्याचा वेग. होल्डअप म्हणजे कॉलममधल्या एकूण आकारमानात वायूचा भाग किती. पाण्यात हवेच्या साधारण ३ ते ६ मिलिमीटरच्या बुडबुड्याचा हा वेग सेकंदाला पाव मीटरच्या आसपास असतो. उरलेली शक्ती द्रवाला मोठ्या चक्रात फिरवते. म्हणून त्यांचं सूत्र असं (द्रव स्वतः आत-बाहेर वाहत नसेल तेव्हा): वायूच्या वेगातून होल्डअप आणि बुडबुड्याचा वेग यांचा गुणाकार वजा करा, जे उरेल त्याला गुरुत्वत्वरणाने आणि व्यासाने गुणा, घनमूळ काढा, १.३१ ने गुणा. झाला द्रवाचा सरासरी फिरण्याचा वेग.

करून बघा. वायूचा वेग सेकंदाला ०.१ मीटर, होल्डअप ०.२, बुडबुड्याचा वेग ०.२५. वजाबाकी ०.०५, म्हणजे अर्धी शक्ती बुडबुड्यांभोवतीच संपली. १० सेंटीमीटरच्या कॉलममध्ये फिरण्याचा वेग येतो सेकंदाला ०.४८ मीटर, १ मीटरच्या कॉलममध्ये १.०३ मीटर. वायू जेमतेम १० सेंटीमीटरने शिरतोय आणि द्रव मीटरभर वेगाने धावतोय. पहिल्यांदा हा हिशोब करताना बहुतेकांना वाटतं की दशांशचिन्ह चुकलं. चुकलेलं नसतं.

आता चित्र. ऊर्जेच्या हिशोबातून वेग काढायचा तर द्रव नेमक्या कोणत्या वाटेने फिरतो हे ठरवावं लागतं. जोशी-शर्मांनी असं मानलं की उंच कॉलममध्ये तळापासून माथ्यापर्यंत एकच लांबलचक चक्र नसतं; एकावर एक रचलेले कप्पे असतात, आणि प्रत्येकाची उंची साधारण कॉलमच्या व्यासाएवढी. डब्यांची चळत डोळ्यांसमोर आणा, प्रत्येक डब्यात आपलं-आपलं चक्र. हेच ते "सेल". यावरून सरासरी वेग काढला. आणि जोशींनी १९८० मध्ये वेगवेगळ्या बहुप्रावस्था उपकरणांसाठी एकत्रित सूत्र मांडताना डिस्पर्शन गुणांक फिरण्याच्या वेगाच्या आणि व्यासाच्या गुणाकाराशी जोडला. सूत्राची उत्तरं उपलब्ध मोजमापांशी चांगली जुळली.

इथे थांबा. बहुतेक वाचक इथे मान डोलावून पुढे जातात: सिद्धान्त मांडला, मोजमापांशी पडताळला, जुळला, संपलं. पण आकडे जुळले याचा अर्थ कप्पे आहेत असा होतो का?

१९७५ साली बेअर्ड आणि राइस यांनी याच डिस्पर्शन गुणांकासाठी वेगळंच सूत्र दिलं होतं. त्यांच्याकडे कप्पे नव्हते, चक्रही नव्हतं. त्यांनी कोल्मोगोरोव्हचा खळबळीचा विचार घेतला: सगळी शक्ती भोवऱ्यांत जिरते, सर्वांत मोठ्या भोवऱ्याचा आकार कॉलमच्या व्यासाएवढा. सूत्र आलं: ०.३५ गुणिले व्यासाचा चार-तृतीयांश घात गुणिले दर किलोमागच्या शक्तीचं घनमूळ. वायूचा वेग मघाचाच ०.१ ठेवून उत्तरं काढू. १० सेंटीमीटरच्या कॉलमसाठी बेअर्ड-राइस देतात सेकंदाला १६१ चौरस सेंटीमीटर, डेकव्हर १३५. १ मीटरसाठी बेअर्ड-राइस साधारण ३,४८०, डेकव्हर ३,४००. ५ मीटरसाठी २९,७०० विरुद्ध ३२,३००. एक सूत्र खळबळीच्या सिद्धान्तातून आलेलं, दुसरं कुठल्याही चित्राशिवाय नुसतं मोजमापांवर बसवलेलं, आणि व्यास पन्नास पट बदलला तरी दोघं हातात हात घालून चालतात. जोशी-शर्मांचा मार्गही त्याच वाटेला लागतो, कारण त्यांच्या वेगात व्यासाचा एक-तृतीयांश घात आहे. त्याला पुन्हा व्यासाने गुणलं की चार-तृतीयांश. घात तोच!

योगायोग? नाही. एकदा तुम्ही ठरवलंत की सगळं काही दर किलोमागच्या शक्तीवर आणि व्यासावर अवलंबून आहे, की एककं तुम्हाला दुसरा पर्यायच ठेवत नाहीत. शक्तीचं एकक मीटर वर्ग भागिले सेकंद घन, व्यासाचं मीटर. यातून मीटर वर्ग भागिले सेकंद बनवायचंय. कागद-पेन्सिल घ्या, दोन मिनिटांत चार-तृतीयांश आणि एक-तृतीयांश हेच घात येतील. त्यात कप्पे असोत, भोवरे असोत, नाहीतर कॉलममध्ये छोटे राक्षस पाणी उपसत असोत.

म्हणजे या सूत्राचे तीन तुकडे करता येतात, आणि ते तीन ठिकाणांहून आलेत. घात आले ऊर्जा धरण्याच्या निर्णयातून आणि एककांतून. वजाबाकी आली ऊर्जेच्या हिशोबातून. कप्प्यांचं चित्र फक्त एकाच जागी राहतं: समोरच्या १.३१ मध्ये. आणि तो स्थिरांकही घनमुळातून बाहेर पडलेला. घनमूळ फार दयाळू असतं. ऊर्जा कुठे आणि किती जिरते याबाबत तुम्ही दुपटीने चुकलात, तरी वेगात फरक पडतो फक्त २६ टक्क्यांचा. डिस्पर्शनची मोजमापं आधीच इतकी विखुरलेली की हा फरक त्यात सहज बुडून जातो. तेव्हा चुकीचं चित्रसुद्धा या परीक्षेत पास झालं असतं. ज्या परीक्षेत कुणी नापास होऊच शकत नाही, तिच्या निकालाला किती वजन द्यायचं?

मी मूळची केमिस्ट्रीची, एम.एस्सी. करून या बाजूला आलेली, म्हणून मला हे ओळखीचं वाटतं. तुम्हालाही वाटेल. हायड्रोजन आणि आयोडीनची अभिक्रिया आठवा. बोडेनस्टाइनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोजलेला वेगनियम दोन रेणूंच्या सरळ धडकेशी छान जुळत होता, आणि कित्येक दशकं पुस्तकांत तेच उदाहरण छापलं जायचं. पण आयोडीन आधी अणूंत फुटतं आणि मग ते दोन अणू हायड्रोजनशी जुळतात असं मानलं, तरी वेगनियम तोच येतो. १९६७ मध्ये सलिव्हन यांनी प्रकाशाने आयोडीनचे अणू तयार करून दाखवलं की या अणूंना बाजूला ठेवता येत नाही. वेगनियम एक, यंत्रणा दोन. बी.एस्सी.ला आपण हे घोकून पास होतो आणि इंजिनियरिंगच्या पेपरपाशी आल्यावर विसरतो, कारण इथे आकडा मिळाला की काम भागतं.

मग कप्प्यांचं पुढे काय झालं? १९९० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात देवनाथन, मोस्लेमियन आणि डुडुकोविच यांनी द्रवाइतक्याच घनतेचा एक किरणोत्सारी कण कॉलममध्ये सोडला आणि बाहेरच्या डिटेक्टरांनी तो सतत कुठे आहे ते टिपलं. या तंत्राला कार्प्ट म्हणतात. बुडबुड्यांच्या गर्दीतून कॅमेऱ्याला आतलं दिसत नाही, गॅमा किरण मात्र आरपार जातात. बराच वेळ माग काढून सरासरी घेतली, तर कप्प्यांची चळत दिसली नाही. दिसलं एकच मोठं चक्र: मध्यभागी वर, कडेने खाली. कप्पे असते तर मधल्या रेषेवर वर-वर जाताना प्रत्येक कप्प्याच्या सीमेवर उभा वेग शून्याजवळ यायला हवा होता.

कप्प्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. सरासरी म्हणजे बराच काळ शटर उघडं ठेवून काढलेला फोटो. दादर स्टेशनच्या पुलाचा तासभराचा एकच फोटो काढलात तर त्यात माणसं दिसणार नाहीत, फक्त दोन दिशांचे पट्टे दिसतील. म्हणून माणसं नव्हती असं नाही. १९९४ मध्ये ओहायो स्टेटमध्ये चेन, रीस आणि फॅन यांनी प्रकाशाच्या पडद्यात क्षणोक्षणीचे वेग टिपले, तेव्हा भोवरे दिसले: मधला बुडबुड्यांचा झोत नागमोडी वळतोय, आणि त्याच्या बाजूने भोवरे सरकत उतरतायत. म्हणजे व्यासाच्या मापाची फिरती रचना आहे, पण ती एका जागी रचलेल्या डब्यांसारखी नाही. ती चालती आहे. माझ्या मते त्यामुळे १९७९ च्या चित्राची लांबीची अटकळ बरीचशी वाचते, पण स्थिर कप्पे वाचत नाहीत. काही जण म्हणतात की सेल हे फक्त सोयीचं गणिती साधन होतं, कुणी त्यांना शब्दशः घ्यायचं नव्हतं. हे मला पटत नाही. कप्प्याची उंची ठरवून तुम्ही स्थिरांक काढला असेल, तर तुम्ही त्यांना शब्दशः घेतलेलंच आहे.

मग पेपर बाद? अजिबात नाही. आता मला सर्वांत जास्त आवडणाऱ्या भागाकडे येते, ज्याकडे कुणी फारसं बघत नाही: ती वजाबाकी.

बेअर्ड-राइसच्या सूत्रात वायूचा वेग दिला की डिस्पर्शन मिळतं. बुडबुडे कसे आहेत याने काही बिघडत नाही. जोशी-शर्मांच्या सूत्रात बिघडतं. वायूचा वेग कमी असेल, बुडबुडे एकसारखे लहान असतील आणि सगळीकडे समान पसरलेले असतील, तर होल्डअप गुणिले बुडबुड्याचा वेग हा आकडा जवळजवळ वायूच्या वेगाएवढाच होतो. वजाबाकी शून्याकडे जाते, फिरणं थांबतं. आणि प्रत्यक्षात एकसमान बुडबुड्यांच्या अवस्थेत मोठं चक्र खरंच फारसं नसतं! हे सूत्र म्हणजे एक भौतिक विधान आहे: चक्र फिरायला शक्ती उरली पाहिजे. कप्पे गेले तरी हे विधान शाबूत राहतं. माझ्या दृष्टीने पेपरचा गाभा हा आहे, आणि शीर्षकात मात्र सेलचं नाव लागलं.

वजाबाकीची दुसरी बाजूही बघा, कारण डिझाइन करणाऱ्याला ती चावते. दोन जवळजवळच्या आकड्यांची वजाबाकी करताना छोटी चूक मोठी होते. होल्डअप ०.३० धरलंत तर वजाबाकी ०.०२५ येते, प्रत्यक्षात ते ०.३६ असेल तर ०.०१. होल्डअपमध्ये २० टक्क्यांची चूक, शिल्लक शक्तीत ६० टक्क्यांची. घनमूळ पुन्हा धावून येतं आणि वेगातली चूक २६ टक्क्यांवर थांबवतं. पण होल्डअप ०.४० च्या जवळ गेलं की घनमूळही वाचवत नाही. आणि होल्डअप वाढवायला फार काही लागत नाही. कारखान्यातल्या द्रवात थोडं अल्कोहोल, थोडं मीठ, फेस आणणारं काहीतरी असतंच. बुडबुडे एकमेकांत मिसळेनासे होतात, लहान राहतात, होल्डअप चढतं. शुद्ध पाणी आणि हवा फक्त आपल्या प्रयोगशाळेत असतात. अंबरनाथ-तारापूरच्या रिॲक्टरमध्ये कुणी शुद्ध पाणी भरत नाही. तेव्हा तक्त्यातून हे सूत्र उचलून कुठल्या तरी दुसऱ्या कोरिलेशनमधून काढलेलं होल्डअप त्यात टाकणं म्हणजे दोन वेगळ्या घरांतली अर्धी-अर्धी भांडी आणून कुकर लावणं.

व्यासाच्या घाताचंही अजून संपलेलं नाही. मघाशी म्हटलं की एककांनी पर्याय ठेवला नाही. ते खरं, पण शक्ती आणि व्यास एवढंच धरलं तर. १९८१ मध्ये रिक्वार्ट्स यांनी द्रवाची श्यानताही आत घेतली, आणि मधल्या रेषेवरच्या वेगासाठी व्यासाचा अर्धा घात दिला. १० सेंटीमीटरवरून १ मीटरवर जाताना जोशी-शर्मांचा वेग २.१५ पट होतो, रिक्वार्ट्स यांचा ३.१६ पट. अजून भांडण मिटवता येईल इतपत. पण कतारमधल्या वायूपासून इंधन बनवणाऱ्या कारखान्यात सुमारे १० मीटर व्यासाचे स्लरी कॉलम उभे आहेत. १० सेंटीमीटरवरून तिथे उडी मारली तर एक सूत्र म्हणतं ४.६ पट, दुसरं म्हणतं १० पट. प्रयोगशाळेत ज्यांच्यात निवड करता येत नव्हती, त्या दोन सूत्रांवर आता प्रचंड खर्चाचं पोलाद उभं राहणार असतं. अशा वेळी "दोन्ही मोजमापांशी जुळतात" या वाक्याचा कुणाला काय उपयोग?

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं, आज सीएफडी आहे, संगणक सगळं सोडवतो. जोशींच्या गटानेच नंतर त्यात मोठं काम केलं. २००१ चा केमिकल इंजिनियरिंग सायन्समधला त्यांचा बबल कॉलमच्या सीएफडीवरचा लांबलचक आढावा सुरुवातीला वाचायला चांगला आहे. त्या परंपरेत कप्पे मागे पडले, पण ऊर्जेचा हिशोब राहिला. गणनेतून जिरलेली एकूण ऊर्जा आणि वायूने आत आणलेली ऊर्जा जुळते का, ही तपासणी मला कुठल्याही रंगीत चित्रापेक्षा मोलाची वाटते. पण सापळा तोच आहे. बुडबुड्यावरचा ओढ-गुणांक, आडवं बल, खळबळीमुळे होणारं पसरणं, या सगळ्यांसाठी वेगवेगळे पर्याय मेन्यूत असतात. हे थोडं वर, ते थोडं खाली, आणि मधल्या रेषेवरचा वेग मोजमापावर बसतो. मग पेपरात वाक्य येतं: मॉडेलची प्रयोगांशी चांगली जुळणी आढळली. असा पेपर हातात आला की मी आधी एवढंच शोधते: लेखकांनी कुठला पर्याय नापास झालेला दाखवला आहे का? नसेल तर तो पेपर मी वेगाने वाचते.

तुमच्यापैकी कुणी विषय शोधत असेल तर या सूत्राला नापास करू शकेल असा प्रयोग असा करता येईल. साधारण ३० सेंटीमीटरचा पारदर्शक कॉलम. वायूचा वेग सेकंदाला ३ ते ५ सेंटीमीटर, जिथे एकसमान अवस्था मोडायला लागते. आधी साधं पाणी, मग त्याच वेगाला थोडं अल्कोहोल घातलेलं पाणी. वरून मिठाचं द्रावण एकदम ओतायचं आणि दोन उंचींवर कंडक्टिव्हिटी प्रोब लावून ते खाली पोचायला किती वेळ लागतो ते टिपायचं. होल्डअप वेगळं मोजायचं, वायू चालू असताना आणि बंद केल्यावरच्या द्रवाच्या उंचीवरून. बुडबुड्याचा वेग दोन्ही द्रावणांत वेगळा मोजायचा, कारण अल्कोहोलने तोही बदलतो. बेअर्ड-राइस बरोबर असतील तर अल्कोहोलने मिश्रणात फरक पडायला नको, कारण वायूचा वेग तोच आहे. जोशी-शर्मांची वजाबाकी बरोबर असेल तर मिश्रण लक्षणीय मंदावायला हवं, आणि किती मंदावेल ते तुम्हाला ओतण्याआधीच कागदावर लिहून ठेवता येईल. कप्प्यांबद्दल यातून काही कळणार नाही. त्यासाठी मधल्या रेषेवर उंची बदलत स्थानिक वेग मोजावा लागेल, ते महागाचं काम. मिठाच्या प्रयोगाला खर्च फारसा नाही, फक्त प्रोबचा स्वतःचा प्रतिसादाचा वेळ हिशोबातून बाजूला काढावा लागतो, नाहीतर मोजलेला उशीर द्रवाचा की प्रोबचा हे कळत नाही. तो कसा काढायचा, ते पुढच्या पोस्टमध्ये.